नववं होल घरी आणताना

मंगळवारी क्लब बंद असतो. त्या दिवशी मैदानावर फक्त गवत कापायची यंत्रं फिरतात, आणि माणसं नसल्यामुळे पक्षी जरा मोकळेपणाने बोलतात. अशाच एका मंगळवारी सकाळी साडेसातला धाकट्यांनी आपली जुनी गाडी क्लबहाउसच्या मागे लावली, डिकीतून एकवीस खुंट्यांचा भारा, लाकडी मोगरी, टेप आणि लाल फितीचं रीळ काढलं, आणि स्वतःच्या गुडघ्यांना दोन शिव्या घालून चालायला सुरुवात केली. काम अगदी साधं होतं. एका होलची रेघ आखायची. असल्या रेघा त्यांनी उभ्या आयुष्यात शेकड्यांनी आखल्या होत्या.

धाकट्यांचं वय एकाहत्तर. इतक्या वयाच्या माणसाला धाकटे म्हणायचं म्हणजे जरा हसूच येतं, पण करता काय? कधीकाळी एक थोरले होते म्हणून हे धाकटे झाले. थोरले गेले, नाव तेवढं चिकटून राहिलं. दोघा भावांचा धंदा एकच, गोल्फची मैदानं आखायची. थोरले कागदावर आखायचे, धाकटे ते जमिनीवर उतरवायचे. एकाची पेन्सिल, दुसऱ्याची मोगरी. लोक कौतुक करायचे ते पेन्सिलीचं. मोगरीचं कौतुक कोण करतो!

गोल्फ म्हणजे रिकामटेकड्यांनी पांढऱ्या चेंडूमागे केलेली पायपीट, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. होल म्हणजे चेंडू मारायला सुरुवात करायची त्या जागेपासून तो ज्या झेंड्याच्या खड्ड्यात घालायचा तिथपर्यंतचा पट्टा. असली होल एकूण अठरा. ती एकामागून एक खेळत जायचं. पहिलं क्लबहाउसपासून निघतं आणि अठरावं क्लबहाउसशी येतं, त्यात कुणाचं दुमत नाही. भांडण असतं ते नवव्याचं. नववं कुठे संपवायचं? काही आखणारे ते फिरवून पुन्हा क्लबहाउसशी आणतात. अर्धा खेळ झाला, माणूस घरी आला, पाणी प्याला, वाटलं तर पुढे गेला, नाही तर बूट काढून बसला. दुसरे आखणारे पहिली नऊ होल सरळ लांब नेतात, आणि उरलेली नऊ खेळत परत यायचं. मग नववं पडतं सगळ्यात दूर, आणि तिथे पोचलेल्या माणसाला परतायला नऊ होलांची वाट तुडवल्याशिवाय गत्यंतर नसतं.

हे मैदान दुसऱ्या जातीचं होतं. जमीन जिभेसारखी तळ्यात घुसलेली, आणि नववं त्या जिभेच्या शेंड्यावर. तिन्ही बाजूंनी पाणी. सगळे त्याला टोक म्हणत. टोकाचा एक फोटो क्लबच्या दिवाणखान्यात एकतीस वर्षं लटकलेला होता, आणि त्याच्याखाली नाव होतं धाकट्यांचं. एकट्या धाकट्यांचं.

आता नवीन सेक्रेटरीबाई आल्या होत्या. बाई बोलायला फटकळ, पण कामाच्या. त्यांनी धाकट्यांना बोलावून घेतलं आणि स्पष्टच सांगितलं.

"तुमचं टोक फोटोत छान दिसतं हो. पण नऊ होल झाली की आमच्या मेंबरांना आठवतं की आपल्याला गुडघे आहेत. तिथून त्यांना उचलून आणायला माणूस पाठवावा लागतो. नववं घरी आणा. जमेल?"

धाकटे म्हणाले, "जमेल."

"आणि नववं घरी आलं की दहावं आपोआप इथूनच निघेल. म्हणजे मला दोन ठिकाणांहून खेळ सुरू करता येईल. निम्मे लोक पहिल्यावरून, निम्मे दहाव्यावरून. केवढी सोय!" बाईंना आनंद झाला होता. "मला कळत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा कुणाला कशी सुचली नाही?"

सुचली होती. थोरल्यांना सुचली होती.

*

धाकट्यांच्या घरी वहिनी होत्या, थोरल्यांच्या पत्नी. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. एकाच घरात राहायच्या, एकाच स्वयंपाकघरात चहा घ्यायच्या, आणि एकतीस वर्षांत धाकट्यांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. भांडण नाही, तंडण नाही. फक्त बोलणं बंद. धाकट्यांची बायको होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. सहा वर्षांपूर्वी ती गेली. मग वहिनींनी केटलीला धरलं.

"केटलीबाई, कुणाला तरी सांगा, विजेचा माणूस येऊन गेला."

धाकटेही केटलीकडे बघून म्हणायचे, "बरं."

बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर पोट धरून हसलं असतं. धाकट्यांना मात्र हसू येईनासं झालेलं होतं. रात्री दिवा मालवताना त्यांच्या मनात एकच असायचं, की दोघांतलं कुणीतरी जायच्या आधी या बाईने एकदा, एकदाच, 'भाऊजी' म्हणावं. लग्न होऊन आल्या तेव्हा किती गोड म्हणायच्या! दुसरं काही नको होतं त्यांना. बाकी सगळं मिळालं होतं आणि सगळं कडू लागत होतं.

नववं घरी आणायचं ठरलं त्या संध्याकाळी त्यांनी केटलीला ते सांगितलं. वहिनी भांडं पुसत होत्या. पुसतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी केटलीखाली एक जुनाट पिवळा कागद घडी करून ठेवलेला होता. थोरल्यांचा मूळ आराखडा. धाकट्यांना वाटलं होतं तो कधीच जळून गेला असेल. त्यावर नववं होल वळून क्लबहाउसच्या पायरीशी आलेलं, आणि शेजारी थोरल्यांचं बारीक, सरळ अक्षर:

'९ पायरीशी येतं. १० पायरीपासूनच निघतं. मध्ये बसायला बाक.'

धाकट्यांनी तो कागद खूप वेळ हातात धरला. मग खिशात घातला. नवीन काही आखायची गरजच नव्हती.

*

तेव्हा काय झालं होतं, ते धाकट्यांनी जगाला एक सांगितलं होतं आणि खरं वेगळंच होतं.

थोरल्यांचं हृदय लहानपणापासून कमकुवत. दहा पावलं भराभर चालले तरी धाप लागायची. छातीला निलगिरीचं तेल चोळत, पावलोपावली टेकत चालायचे. म्हणून तर मैदान आखताना त्यांच्या डोक्यात पहिला विचार दमलेल्या माणसाचा यायचा. "धाकट्या," ते म्हणायचे, "अर्ध्या वाटेत माणसाला घर दिसलं पाहिजे. नववं घरी आण." त्यांची एक खोडच होती. खुंटीला फीत बांधताना दोन वेढे देऊन गाठ मारायची, आणि फितीचं मोकळं शेपूट कायम घराच्या दिशेला सोडायचं. धुक्यात सापडलेला माणूसही शेपटाकडे बघत घरी पोचला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. धाकटे फीत कशीही गुंडाळायचे. शेपूट कुठे का जाईना!

त्या वर्षी थोरले दोन महिने अंथरुणाला खिळले. तेवढ्यात धाकट्यांनी परस्पर दुसरा आराखडा केला, कमिटीपुढे मांडला, आणि टोकाच्या फोटोने सगळ्यांचे डोळे दिपवले. थोरले बरे होऊन आले तोवर खुंट्या मारून झाल्या होत्या. फक्त म्हणाले, "फार लांब नेलंस रे."

उद्घाटनाच्या दिवशी दोघे भाऊ जोडीने खेळले. आठ होल थोरले धाप टाकत, टेकत, गप्प चालत राहिले, आणि त्यांचं ते गप्प राहणं धाकट्यांना थोबाडीत मारल्यासारखं वाटत राहिलं. टोकावर पोचल्यावर थोरले गवताच्या उंचवट्यावर बसले. ओठ निळे पडले होते. म्हणाले, "चल परत."

धाकट्यांच्या डोक्यात तिडीक गेली. कमिटीचे अध्यक्ष फोटोवाल्याला घेऊन दहाव्याकडे निघाले होते. "परतीचा रस्ता दहाव्यापासून अठराव्यापर्यंत आहे," धाकटे म्हणाले. "यायचं असेल तर ये चालत." आणि अध्यक्षांबरोबर पुढे निघून गेले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. हसले, फोटो काढून घेतले, नऊ होल खेळले. क्लबहाउसशी आल्यावर कुणीतरी विचारलं, थोरले कुठे? तोवर अडीच तास उलटले होते.

माणसं टोकावर गेली तेव्हा थोरले तसेच बसलेले होते, क्लबहाउसकडे तोंड करून.

वहिनींना धाकट्यांनी सांगितलं, "दादाच म्हणाला, 'तू पुढे हो, मी येतो मागून.'" सगळ्यांना हेच सांगितलं. शंभरदा सांगून सांगून ते वाक्य असं घोटून गुळगुळीत झालं होतं, की कधी कधी त्यांना स्वतःलाच ते ऐकल्यासारखं वाटायचं. वहिनींनी ते एकदा ऐकलं, मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर बोलणं बंद.

*

तर मंगळवारी धाकट्यांनी एकवीस खुंट्या मारल्या. पहिली आठ होल वळसे घेत जायची, त्यामुळे मधल्या पडीक जमिनीवरून क्लबहाउस तसं जवळ होतं. आठवं होल जिथे संपतं तिथून डावीकडे वळून, वीस-वीस पावलांवर एक, थेट क्लबहाउसच्या पायरीपर्यंत. फिती नेहमीसारख्या कशाही गुंडाळल्या आणि घरी गेले.

बुधवारी सकाळी जमिनीचा उंचसखलपणा मोजायला आले. गवतावर दव पडून सगळं मैदान राखाडी झालं होतं. पहिल्या खुंटीपाशी वाकले आणि थबकले. फीत सोडून पुन्हा बांधलेली होती. दोन वेढे, घट्ट गाठ, शेपूट क्लबहाउसकडे. दुसरीचंही तेच. एकविसाच्या एकवीस.

आणि पहिल्या खुंटीच्या शेजारी गवताचा एक तुकडा कोरडा होता. बसलेल्या माणसाच्या बेताचा. आजूबाजूला सगळीकडे दव, आणि तेवढ्याच जागी नाही. गवत दबलेलं, एकेक पातं हळूहळू पुन्हा उभं राहत होतं. दुसऱ्या खुंटीशीही तसाच तुकडा. तिसऱ्याशीही. चौथ्यापासून पुढे मात्र सगळं दवाने भरलेलं.

हेडमाळी गवतयंत्राला तेल घालत होता. धाकट्यांनी त्याला गाठलं.

"माझ्या खुंट्यांना हात कुणी लावला?"

"मला दुसरी कामं नाहीत का?" हेडमाळी म्हणाला. "काल मी पाचला कुलूप लावलं, आज सहाला काढलं. तुमच्या चिंध्यांशी खेळायला इथे वेळ आहे कुणाला!"

"मग कुत्रं-बित्रं बसतं का तिकडे?"

"कुत्रं गाठी मारतं का हो?"

उगाच खोकून धाकटे पुढे गेले. त्या दिवशी त्यांनी काम लवकर आटोपलं. मनाची समजूत घालायला माणूस मोठा हुशार असतो. वाटलं, आपणच बांधल्या असतील, जुन्या कागदाकडे बघून हात आपोआप तसे चालले असतील.

गुरुवारी सकाळी कोरडे तुकडे आठव्या खुंटीपर्यंत आलेले होते.

धाकटे आठव्या खुंटीशी उभे राहिले. वारा नव्हता. तळ्याचा वास येत होता, शेवाळाचा, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, पुसट, जुना. नाक वर करून त्यांनी तो हुंगला. निलगिरीचं तेल.

कुणीतरी टोकाकडून निघालं होतं. सावकाश. प्रत्येक खुंटीशी टेकत, दम खात, पुन्हा उठत. एवढी वर्षं त्याला वाट नव्हती. आता वाट मिळाली होती, आणि ती धाकट्यांनीच स्वतःच्या हाताने, खुंटी खुंटी करून घालून दिली होती.

*

शुक्रवारी ते जाणारच नव्हते. पण सेक्रेटरीबाईंचा फोन आला, सोमवारी यंत्रं यायची आहेत, मापं आजच हवीत. दुपारी तीनला गेले. ऊन होतं. लोक खेळत होते, हसत होते. भरदिवसा कशाला घाबरायचं, असं म्हणत धाकटे आठव्याच्या पलीकडे पहिल्या खुंटीपर्यंत गेले, खाली बसून मापं लिहू लागले, आणि वर पाहिलं तेव्हा तळं दिसेनासं झालं होतं.

धुकं पाण्यावरून उठलं आणि पाहता पाहता मैदानावर चढलं. आधी टोक गेलं. मग झाडं. मग आठव्याचा झेंडा. लोकांचे आवाज लांब लांब गेले आणि थांबले. हात पुढे केला तर बोटं दिसत होती, त्यापलीकडे नुसतं पांढरं.

धाकट्यांनी खुंटी चाचपली. फितीचं शेपूट डावीकडे होतं. त्या दिशेने वीस पावलं मोजली. दुसरी खुंटी हाताला लागली. तिचं शेपूट धरलं, पुन्हा वीस पावलं. चौथ्या खुंटीपाशी त्यांना मागून ऐकू आलं.

कुणीतरी बसलं. गवतावर अंग टाकताना होतो तेवढाच आवाज. मग धाप. आत ओढताना शिटी वाजावी तसा श्वास, आणि सोडताना बारीक कण्हणं. हा श्वास धाकट्यांनी लहानपणापासून ऐकला होता. एकाच खोलीत, शेजारच्या अंथरुणावरून.

ते चालू लागले. वीस पावलं, खुंटी. मागे पावलं. दहा... बारा... मग टेकणं. धाप. धाकटे चालले की मागचंही चालायचं. ते थांबले की तिकडे नुसता श्वास. पळावं म्हटलं तर पाय साथ देईनात. वळून बघावं म्हटलं तर मान वळेना. सातवी... अकरावी... वास आता इतका दाट होता की डोळे चुरचुरत होते.

चौदाव्या खुंटीपाशी मागून आवाज आला. हळू. दमलेला.

"चल परत..."

धाकट्यांनी खुंटी दोन्ही हातांनी धरून ठेवली. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण तोंडातून लहान पोरासारखा सूर निघाला.

"परतच चाललोय की, दादा... घरीच नेतोय तुला... बघ ना..."

फक्त श्वास.

"चुकलो मी... तू... तू ये ना बरोबर..."

श्वास थांबला. धुक्यात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग अगदी जवळून, कानामागून, शांतपणे:

"तू पुढे हो... मी येतो मागून."

हे वाक्य दादा कधीच म्हणाला नव्हता. ते या जगात कुणीच म्हटलं नव्हतं. ते धाकट्यांनी बनवलं होतं, आणि त्यांच्याशिवाय ते कुणाला ठाऊक असलंच तर फक्त जिवंत माणसांना. आता ते त्यांना शब्दाला शब्द तसंच परत मिळालं होतं.

उरलेल्या सात खुंट्या त्यांनी कशा ओलांडल्या ते त्यांना आठवत नाही. क्लबहाउसच्या पायरीवर ते गुडघ्यांवर पडले. सेक्रेटरीबाईंनी धरून आत नेलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "एकटे कशाला गेलात हो या वयात?"

धाकटे म्हणाले, "एकटा नव्हतो."

*

संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनी केटलीत आधण ठेवून उभ्या होत्या. धाकटे दारात उभे राहिले. तोंड धुतलेलं. वहिनींकडे बघायचा धीर झाला नाही. केटलीकडे बघूनच बोलले.

"केटलीबाई... त्या दिवशी दादा 'तू पुढे हो' म्हणाला नव्हता. 'चल परत' म्हणाला होता. मी त्याला तिथे टाकून गेलो. खोटं बोललो. एवढी वर्षं खोटं बोललो."

पाणी उकळायला लागलं. वहिनींनी गॅस बंद केला. मग त्या वळल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या.

ज्या एका शब्दासाठी माणूस एकतीस वर्षं तडफडला तो शब्द आला, आणि ऐकून धाकट्यांच्या अंगावर काटाच आला. त्यात राग नव्हता, मायाही नव्हती. दुकानात वस्तू मागावी तशी हाक.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते कुणालाच कधी 'तू पुढे हो' म्हणाले नाहीत. एकट्याने चालायला घाबरायचे ते. वाटेत काही झालं तर, म्हणून. न्हाणीघरात गेले तरी मला दाराशी उभं करायचे. आणि तुम्ही येऊन मला सांगता, 'तू पुढे हो' म्हणाले!"

"वहिनी, मी हे काम सोडतो. खुंट्या उपटून टाकतो उद्याच्या उद्या. दादा निघालाय तिथून, माझ्यामागून, खुंटी खुंटी करत... मला तिथे..."

"नाही." वहिनींनी दोन कप काढले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दोन कप शेजारी शेजारी ठेवले. "मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. आता मागते. काम थांबवू नका. पायरीपर्यंत आणा त्यांना. आणाल ना, भाऊजी?"

नाही म्हणायला तोंड हवं ना! धाकट्यांनी ते कधीच गमावलं होतं.

*

नववं होल तयार व्हायला सात महिने लागले. यंत्रं आली, माती हलली, गवत रुजलं, खुंट्या उपटून शेडमध्ये टाकल्या. थोरल्यांच्या कागदाप्रमाणे पायरीशी एक बाकही बसवला. धाकटे रोज जायचे, पण बारा वाजता, चार माणसं बरोबर घेऊन, आणि धुकं दिसलं की परत. वहिनी आता त्यांच्याशी रोज बोलायच्या. काय बोलायच्या? "कुठवर आलं?" एवढंच. जेवताना, चहा घेताना, येता-जाता. "कुठवर आलं, भाऊजी?" धाकट्यांना पुन्हा केटलीची आठवण यायला लागली. ती तरी काही विचारत नव्हती.

उद्घाटन सकाळी सातला होतं. वहिनींना खास बोलावणं होतं. पांढरे केस नीट बांधून, इस्त्रीची साडी नेसून त्या गाडीत धाकट्यांच्या शेजारी बसल्या. चेहरा असा, जणू कुणाला आणायला स्टेशनवर निघाल्या आहेत.

पोचले तेव्हा फारसं कुणी आलं नव्हतं. पायरीजवळचा नवा बाक दवाने ओलाचिंब होता. उजवीकडची एका माणसाची जागा तेवढी कोरडी. वहिनींनी पदराने डावीकडचं दव पुसलं आणि त्या कोरड्या जागेच्या शेजारी बसल्या. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या. हवेत निलगिरीचा वास होता.

धाकट्यांना वाटलं, संपलं. आला तो घरी. मी आणला. आता फिटलं असेल. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. खरंच आलं.

तेवढ्यात खेळाच्या वेळा लावणारा माणूस खिडकीतून डोकावला. "साहेब, तुमचं नाव लवकर लागलंय बरं का. सव्वासात. दहाव्यापासून."

"माझं? मी नाव दिलंच नाही. मी खेळणं सोडून वर्षं झाली."

"दोघांचं दिलंय की." त्याने वही फिरवून दाखवली. 'थोरले, धाकटे. दहाव्यापासून.' अक्षर बारीक, सरळ. "मी खिडकी उघडली तेव्हा एक गृहस्थ उभे होते, त्यांनीच लिहिलं. बोलवत नव्हतं त्यांना, फार धाप लागली होती. मी म्हटलं, अहो बसा जरा. तर म्हणाले, बसूनच आलोय. पहिली नऊ माझी झालीत, आता उरलेली नऊ."

धाकटे वहीकडे बघत राहिले. पिवळ्या कागदावरची ती ओळ त्यांना पाठ होती. ९ पायरीशी येतं. १० पायरीपासूनच निघतं. नववं घरी आणायचं एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. पुढच्या वाक्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

"वहिनी..." ते बाकाकडे वळले. "वहिनी, चला, आपण घरी जाऊ. माझी तब्येत..."

वहिनींनी मान वर केली. चेहऱ्यावर खूप वर्षांनी हसू होतं, लग्न होऊन आल्या तेव्हाचं. शेजारची कोरडी जागा आता रिकामी वाटत होती, आणि वास पुढे सरकला होता.

"जा ना, भाऊजी," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "एकट्याने चालायला घाबरतात ते."

धाकट्यांनी दहाव्याकडे पाहिलं. तळ्यावरून धुकं उठत होतं, अजून टोकापाशीच होतं. दहाव्याच्या सुरुवातीला, पायरीपासून वीस पावलांवर, एक खुंटी उभी होती. त्यांच्या सगळ्या खुंट्या तर कधीच उपटून शेडमध्ये गेल्या होत्या. तिला लाल फीत होती. दोन वेढे, घट्ट गाठ. वारा पडलेला असूनही फितीचं शेपूट ताठ होतं, आणि त्याची दिशा क्लबहाउसची नव्हती. ते सरळ टोकाकडे रोखलेलं होतं.